दादाला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही!

कधी एकदा सांगते असं झालंय, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. माझ्या थोरल्या भावाला डोळे मिटल्यावर काहीही दिसत नाही. डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा कमी. पण तुम्हाआम्हाला कुणी ‘हापूस’ म्हटलं की मिटल्या डोळ्यांआड कुठेतरी एक आंबा येतो ना, थोडा अंधूक का होईना, देठाशी किंचित लालसर? तसा त्याच्याकडे येत नाही. आंबा येत नाही, आईचा चेहरा येत नाही, स्वतःच्या घराचं दार येत नाही. कधीच आलेलं नाही. आणि हा माणूस बांधकाम खात्यात जन्मभर ड्राफ्ट्समन होता, पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढता काढता रिटायर झाला! आम्ही एका खोलीत वाढलो, एकाच पांघरुणासाठी भांडलो, एकमेकांची पत्रं चोरून वाचली, आणि हे मला आत्ता कळतंय. मला कसलं, त्यालाच आत्ता कळतंय. त्याला वाटत होतं, सगळ्यांचं असंच असतं.

शोध लागला हरिहरेश्वरला. आमचं कुलदैवत तिथलं, त्यामुळे अधूनमधून अभिषेकाला जाणं होतं. श्रीवर्धन तालुक्यातलं हे गाव सावित्री नदीच्या मुखाशी आहे, समोर पलीकडच्या तीरावर बाणकोट. इथली रीत अशी, की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, आणि बाहेर पडताना पुन्हा काळभैरवाचं. ते सगळं यथासांग झालं. अभिषेकाच्या वेळी गुरुजी म्हणाले, “डोळे मिटा, देवाला डोळ्यांसमोर आणा आणि मनातलं सांगा.” आम्ही डोळे मिटले, मनातलं सांगितलं, प्रसाद घेतला, खानावळीत येऊन पानावर बसलो. आणि पहिला घास घेता घेता दादा म्हणाला, “हे गुरुजी दर वेळी डोळ्यांसमोर आणा म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं असतं?”

वहिनी म्हणाली, “अहो, करायचं काय त्यात? आणायचं.”

“अगं, पण कुठून?”

आम्ही हसलो. तो हसला नाही. मी म्हटलं, “दादा, आत्ता अर्ध्या तासापूर्वी पिंडी बघितलीस ना? मीट डोळे. दिसते?” त्याने मिटले. “माहीत आहे की पिंडी आहे. काळ्या दगडाची आहे, बेल वाहिलेला आहे, वर अभिषेकपात्र टांगलंय. पण दिसते म्हणजे काय? डोळे मिटल्यावर दिसेल कशी?” त्याच्या आवाजात थोडी चीड होती, आपण सगळे मिळून त्याची गंमत करतोय अशी. मग भाचीने ताट बाजूला सरकवलं आणि मोबाइल काढला. पुढचे दोन दिवस आम्ही समुद्र कमी आणि एकमेकांची डोकीच जास्त बघितली.

तर याला नाव आहे, अफँटेशिया. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन यांनी ते २०१५ साली ठेवलं. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गृहस्थाची हकिगत छापली होती. ते पासष्टीचे, इमारतींचे निवृत्त सर्व्हेअर. (ड्राफ्ट्समनच्या बहिणीला हे वाचून काय झालं असेल!) हृदयावरच्या अँजिओप्लास्टीनंतर त्यांच्या मनातली चित्रं एकाएकी बंद झाली. पण कुठल्या इमारतीला किती खिडक्या, कुणाचे डोळे कुठल्या रंगाचे, अशी उत्तरं ते बिनचूक देत. ही हकिगत एका विज्ञान मासिकात आली, आणि झीमन यांना पत्रं यायला लागली, की आमचं गेलं वगैरे काही नाही, आमच्याकडे हे जन्मापासूनच नाही. अशा २१ जणांच्या माहितीवर २०१५ चा निबंध उभा राहिला. नंतरच्या पाहण्यांतून दिसतं ते असं, की अजिबात चित्र न दिसणारे साधारण शंभरात एक, आणि अगदी पुसट दिसणारे धरले तर शंभरात जवळपास चार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. हाच हिशेब इथे लावला तर ११ लाखांवर माणसं ‘डोळ्यांसमोर आणा’ म्हटल्यावर नुसती डोळे मिटून उभी राहत असणार! आणि एकमेकांना पत्ता नाही.

खरं तर पत्ता लागून सव्वाशेवर वर्षं झाली होती. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८० मध्ये लोकांना एक साधा प्रश्न पाठवला होता: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल मनासमोर आणा आणि सांगा, उजेड कसा आहे, कडा स्पष्ट आहेत का, रंग खरे वाटतात का. (हा गृहस्थ वंशसुधारणेच्या खुळापायी बदनाम झाला आणि ते योग्यच झालं, पण प्रश्न मात्र झकास विचारला.) त्याला वाटलं, शास्त्रज्ञ मित्र छान तपशील देतील. तर त्यातल्या कितीतरी जणांनी उलट त्यालाच विचारलं, मनासमोर चित्र म्हणजे काय? ही कवींची बोलायची तऱ्हा असेल! अगदी आमचा दादा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही गॉल्टन झालो. पुढ्यात घावन आणि नारळाची चटणी होती ती संपवली, डोळे मिटले आणि प्रत्येकाने संपलेलं ताट सांगायचं ठरवलं. वहिनीचं ताट खऱ्या ताटाहून सुंदर होतं. घावनाची जाळी, कडेचा कुरकुरीतपणा, चटणीत मिरचीचा एक हिरवा तुकडा, सगळं. “वासही येतोय,” ती म्हणाली. माझं ताट येतं आणि विरतं, पुन्हा आणलं की पुन्हा येतं, पण अख्खं कधीच नाही, घावन बघायला जावं तर चटणी पळते. दादाकडे यादी. बिनचूक यादी. वाटी स्टीलची होती आणि ताट नव्हे, ताटली होती, हेही त्यानेच सांगितलं.

मला इथे शंका आली, की दिसतं म्हणणारे आम्ही थापा तर मारत नाही ना? किंवा दिसत असून दादाला ते ओळखता येत नसेल? दुसऱ्याच्या मनात शिरून बघायची तर सोय नाही. पण सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीही वाट काढलीय, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलेच. डोळ्यांसमोर लख्ख प्रकाश आला की बाहुली लहान होते, हे शाळेत शिकलोय. तर ज्यांना मनात चित्रं दिसतात त्यांना नुसता झळझळीत पांढरा आकार मनात आणायला सांगितला तरी बाहुली लहान होते! प्रकाश खोटा, बाहुली खरी. आणि अफँटेशिया असलेल्यांची होत नाही. ते प्रयत्नच करत नव्हते म्हणावं, तर तेही नाही. एकाऐवजी चार आकार आणायला सांगितले की जास्त श्रमाने त्यांचीही बाहुली मोठी होत होती. हे २०२२ चं काम. म्हणजे दादा खरं बोलत होता, आणि आम्हीही.

आता भुतांची गोष्ट. लहानपणी आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवे गेले की मामा भुतं काढायचा. समंध, हडळ, मुंजा आणि विहिरीतला गिऱ्हा. आम्ही बाकीची पोरं आजीला चिकटून, चादर डोक्यावरून. दादा तिथेच गोष्ट ऐकत ऐकत घोरायला लागायचा. त्यावरून घराने त्याला ‘धीट’ ठरवून टाकलं, आणि पुढे रात्री-अपरात्री मागच्या दाराची कडी लावायचं काम कायमचं त्याच्या गळ्यात पडलं. याच सिडनीच्या मंडळींनी २०२१ मध्ये छापलेला प्रयोग ऐका. माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, पडद्यावर भीतीदायक गोष्ट एकेक वाक्य करून वाचायला द्यायची, आणि बोटांना तारा लावून त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजायचा. चित्रं दिसणाऱ्यांचा घाम गोष्टीबरोबर चढत गेला. अफँटेशियावाल्यांची रेघ जवळपास सपाट. मग गोष्टीऐवजी खरीखुरी भयानक छायाचित्रं दाखवली, तर दोघांचाही घाम सारखाच चढला. भीती त्यांच्याकडेही आपल्याइतकीच असते, शब्दांतून तिला चित्र मिळत नाही एवढंच. मी हे दादाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “म्हणजे कडी लावायला मलाच का पाठवायचे ते आज कळलं.” पन्नास वर्षांची कडी!

पण सगळंच हसण्यावारी गेलं नाही. आई गेली तेव्हा दादा महिन्याभरात पूर्ववत कामाला लागला. आम्ही बहिणी भांड्यावर हात ठेवला तरी रडायचो, आणि हा मात्र कोरडा, हे आमच्या मनात खोल बसलं होतं. बोललो नाही कधी, पण होतं. त्या दुपारी बोलता बोलता वहिनी म्हणाली, “यांच्या पाकिटात आईंचं मतदार ओळखपत्र आहे, ते अजून का ठेवलंय ते मला कळायचं नाही.” दादाने पाकीट काढलं. कार्डाचे कोपरे गोल झालेले, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, आईचा तो सरकारी कॅमेऱ्यातला वैतागलेला फोटो. तो म्हणाला, “रात्री एकदा बघतो. नाहीतर मला ती कशी दिसायची ते नुसतं माहीत असतं.” यावर मी काय लिहू? माझी आई मला फुकट दिसते. कांदा चिरताना दिसते, वाट्टेल तेव्हा दिसते, म्हणून रडू येतं. त्याला ती बघायला पाकीट उघडावं लागतं.

चित्रं नसलेला माणूस कल्पनाशून्य, असं मात्र कुणी मनात आणू नका. पिक्सार कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही. ‘लिटल मरमेड’मधली ती जलपरी रेखाटणारे ग्लेन कीन यांनाही दिसत नाही. जगभरच्या पोरांच्या डोळ्यांसमोर जी चित्रं नाचतात ती काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती नाहीत, म्हणून तर ते कागदावर काढून बघतात!

आता खानावळीच्या काकूंकडे येते, कारण त्यांनी मला गारच केलं. आम्ही सगळ्यांनाच छळत होतो, मग त्यांनाही धरलं. म्हटलं, काकू, मागल्या दारात उभ्या आहात असं समजा, डोळे मिटा आणि वाडी सांगा. त्यांनी पोळपाटावरचं पीठ बाजूला केलं, हात पुसले, डोळे मिटले आणि विचारलं, “कुठली वाडी? आत्ताची की वादळाआधीची?”

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या त्याने एका दिवसात झोपवल्या. इथली रोठा सुपारी नावाजलेली, आणि पोफळ लावल्यावर हाताशी सुपारी यायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. काकूंच्या वाडीत आता नवी रोपं आहेत, माणसाच्या उंचीच्या थोडी वर. पण त्या ‘वादळाआधीची’ वाडी सांगायला लागल्या. दारातून पायरी, पायरीला लागून पाट, पाटाच्या डाव्या अंगाला पोफळींची ओळ, तिसऱ्या पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला, मग जायफळ. आणि जायफळाशी येताच त्यांनी, डोळे मिटलेल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या त्या बाईने, मान खाली घातली. “इथे वाकायला लागायचं, फांदी खाली होती.” मान वर झाली ती फांदी ओलांडल्यावर. मग गप्प. बराच वेळ गप्प. मी घाबरून विचारलं, काकू, थांबलात का? “थांबत्ये कशाला? विहिरीकडे चालल्ये. लांब आहे ती.”

लांब आहे ती! मी टाळ्या पिटायच्या बाकी होते. कारण १९७८ साली स्टीफन कॉसलिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी नेमकं हेच मोजलं होतं. त्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा लोकांकडून पाठ करून घेतला, त्यावर झोपडी, झाड, खडक, किनारा. मग डोळे मिटून एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जायला सांगितलं. नकाशावर अंतर जितकं जास्त, तितका मनात पोचायला वेळ जास्त! झेनॉन पिलिशिन या पंडिताने त्याला कडाडून विरोध केला. त्याचं म्हणणं, चित्र वगैरे काही नसतं, मनात असते ती वाक्यांसारखी माहितीच, चित्र हा भास. हा वाद पुढे कित्येक वर्षं रंगला. मला विचाराल तर दोघांनीही हरिहरेश्वरला येऊन जेवायला बसावं. कॉसलिनला काकूंच्या शेजारी बसवू, पिलिशिनला दादाच्या. दोघेही आपापल्या परीने खरे, असं माझं मत झालंय. त्यांच्या भांडणाची गोम मला तरी हीच वाटते, की प्रत्येकाला वाटलं माणसाचं मन म्हणजे एकाच साच्याचं असणार.

ती वाडी आता जगात कुठेच नाही. काकूंच्या डोक्यात आहे, खालच्या फांदीसकट.

प्रदक्षिणा तर राहिलीच होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती फिरून येणं नव्हे. देवळामागून डोंगर चढायचा, मग दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या घळीतून पायऱ्यांनी खाली समुद्रापर्यंत उतरायचं, आणि लाटांनी कोरून कोरून जाळी करून टाकलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत यायचं. हे फक्त ओहोटीला. भरतीत तिथे पाऊल टाकायचं नाही, माणसं गेलेली आहेत. म्हणून आम्ही वेळ विचारायला काकूंच्या सासऱ्यांकडे गेलो. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे नजर टाकली. “आज चतुर्थी. तीनला भरती. नऊला जा सकाळचे.”

कसं काढलंत, म्हटलं. तर कोकणातला तो जुना ठोकताळा, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चार पाऊणे तीन. तीनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. हे मला ऐकून माहीत होतं. पण आता मी वेगळीच झाले होते ना! मी विचारलं, “आजोबा, हिशेब करताना आत काय होतं? आकडे दिसतात?” त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग म्हणाले, “दिसत काही नाही. ऐकू येतं. वडील म्हणतात.” वडील? “पाऊणकी त्यांनीच घोकून घेतली ना. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड. अजून त्यांच्याच आवाजात होतं. मी नुसता थांबतो, आकडा आला की सांगतो.” नव्वदीच्या घरातला माणूस, आणि आत वडील पाढे म्हणताहेत!

डोक्यातला आवाज हा दुसरा खजिना. मी स्वतः अखंड बडबडी आहे, आतल्या आत. भाजी घेताना, जिना चढताना, आत्ता हे लिहिताना, माझ्याच आवाजात टकळी चालू. मला वाटायचं विचार करणं म्हणजे हेच. तर २०२४ मध्ये योहाने नेडरगार्ड आणि गॅरी लुपियन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात आतला आवाज फारसा नसलेल्या माणसांची चाचणी घेतलेली आहे. शब्द लक्षात ठेवणं त्यांना थोडं जड जातं, आणि बाकी संसार नीट चालू. रसेल हर्लबर्ट हे त्याही आधीचे. अमेरिकेतल्या लास व्हेगासला शिकवणारे, आधी इंजिनिअर आणि मग मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकापासून ते लोकांच्या खिशात एक यंत्र देत आलेत. ते दिवसातून कधीही, अचानक, बीप करतं. बीप होण्याच्या नेमक्या आधीच्या क्षणी मनात काय होतं ते लिहायचं, आणि मग हर्लबर्ट तासभर त्या एका क्षणाची उलटतपासणी घेणार. जुगाराच्या राजधानीत बसून हा माणूस आयुष्यभर क्षण वेचतोय! त्यांना आढळलं, की आतलं बोलणं सरासरीने चार क्षणांतल्या एखाद्याच क्षणी असतं. कुणाच्या चारांपैकी तीन क्षणांत, तर कुणाच्या एकाही नाही. आणि काही क्षण असे, की विचार आहे, अगदी स्पष्ट आहे, पण त्याला ना शब्द ना चित्र. दादा उडालाच. “हे! हेच! हे माझं!”

मग काय, भाचीने मोबाइलवर कधीही वाजणारे गजर लावले आणि संध्याकाळी किनाऱ्यावर आमचं हर्लबर्ट सुरू झालं. वाजला की सगळे गप्प, एकेकाने सांगायचं. पहिल्या गजराला माझ्या डोक्यात सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण चाललं होतं, संवादांसकट, आणि मी जिंकत होते. वहिनीला ओल्या वाळूचा गारवा तळव्याला जाणवत होता आणि बाकी काही म्हणजे काहीच नव्हतं. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की इतकं रिकामं? भाचीच्या डोक्यात गाण्याचं एकच कडवं फिरत होतं आणि तिला मी बोललेली वाक्यं देवनागरीत लिहिलेली दिसतात, शिरोरेघेसकट! आम्ही किंचाळलो. ती म्हणाली, “मावशी, तू भराभर बोलतेस ना, तेव्हा तुझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात.” अशी माणसंही असतात, बोललेलं छापून दिसणारी, आणि गॉल्टनला तीही भेटली होती. दादा म्हणाला, “ओहोटी किती लांब गेली असेल, एवढंच होतं. पण वाक्य नव्हतं. आता सांगताना वाक्य करतोय.”

वर वाडीकडून मोठी वटवाघळं निघाली होती. तत्त्वज्ञ थॉमस नागेलने १९७४ मध्ये विचारलेला प्रश्न तत्त्वज्ञानात आता म्हणीसारखा झालाय, की वटवाघूळ असणं हे वटवाघळाला कसं वाटत असेल? (त्याच्या मनातली वटवाघळं लहान, आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडणारी. आपल्याकडची फळं खाणारी थोराड मंडळी डोळ्यांनी बघून उडतात, तेव्हा त्यांचं त्यातल्या त्यात सोपं.) मेंदूचं सगळं यंत्र कळलं तरी आतून ‘वाटतं’ ते कुठून येतं, याला डेव्हिड चाल्मर्स १९९४ पासून अवघड प्रश्न म्हणत आलेत. मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी पैज लावली होती, की जाणीव मेंदूत कशी निपजते त्याची खूण पंचवीस वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये कॉख हरले आणि त्यांनी भर सभेत वाइनच्या बाटल्या आणून दिल्या. मला नागेलबद्दल एवढंच म्हणायचंय, की वटवाघळापर्यंत जायची गरज नव्हती. मी माझ्या सख्ख्या भावापर्यंत साठ वर्षांत पोचले नव्हते.

रात्री अंगणात हेच चाललं होतं तेव्हा आजोबा म्हणाले, “तुमच्या भावाचा देव निर्गुण. बरंच आहे की.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा म्हणाला, “आजोबा, मला पेन्शनचं पासबुकसुद्धा निर्गुणच असतं.” पण आजोबांनी सोडलं नाही. तरुणपणी ते मुंबईला नोकरीत असताना खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या माळ्यावर जाऊन बसत. महाराज मूळचे मालवणजवळच्या कांदळगावचे, विडीचं दुकान चालवणारे संसारी गृहस्थ. त्यांची मराठी निरूपणं मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणली, १९७३ मध्ये पुस्तक निघालं आणि कुठकुठल्या देशांची माणसं खेतवाडीची गल्ली शोधत येऊ लागली. त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर, शब्दाच्या आधीची ती ‘मी आहे’ ही जाणीव, तिला धरून राहा. आजोबा दादाला म्हणाले, “चित्र काढून घेतलं, बोलणं काढून घेतलं, तरी तुम्ही तिथे आहात ना?” दादा म्हणाला, “आहे की. पूर्ण आहे.” त्या उत्तराने मला झोप आली नाही. कारण मी आजवर माझी टकळी आणि माझी अर्धवट चित्रं म्हणजेच मी, असं धरून चालले होते. ते तर सामान निघालं. घर याच्याकडेही आहे, सामानाशिवाय, आणि तो त्यात मजेत राहतोय.

प्रदक्षिणेहून आल्यावर आम्ही आणखी एक खेळ केला होता तो सांगायचा राहिला. शिकागोच्या विल्मा बेनब्रिज यांनी लोकांना खोलीचं छायाचित्र दाखवून नंतर आठवणीने काढायला लावलं होतं. चित्र न दिसणाऱ्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले, पण जागा अचूक, आणि नसलेल्या वस्तू घुसडण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी. आम्ही खानावळीच्या बिलांच्या पाठीवर प्रदक्षिणेची वाट काढली. वहिनीच्या कागदावर लाटा, खेकडा, सूर्य, आणि खडकावर एक माड, जो तिथे नाहीच. दादाच्या कागदावर अठरा-वीस रेघा. घळ कुठे वळते, पायऱ्यांनंतर समुद्र कुठल्या हाताला येतो, कुठे पाणी साचून राहतं. तो कागद घेऊन मी उद्या एकटी जाऊन येईन.

म्हणून माझं एक मागणं आहे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरात विचारा. ‘तुला चित्रं दिसतात का’ असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. हर्लबर्ट यांचा अनुभव असा, की आपल्या आत सहसा काय चालतं हे माणसं ठासून सांगतात आणि ते बऱ्याचदा चुकीचं निघतं. त्यापेक्षा नेमकं काहीतरी विचारा: आपल्या जिन्याचा कठडा आत्ता डोळे मिटून सांग, रंग दिसतो की माहीत आहे? सातचा पाढा म्हणताना आवाज कुणाचा? घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करा, त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसतं. उत्तर आलं की ‘असं कसं असेल’ म्हणू नका, पुढचा प्रश्न विचारा. आणि हरिहरेश्वरला जाणार असाल तर तिथीची पाऊणपट करून मगच प्रदक्षिणेला उतरा, शिवाय गावात एकदा विचारून घ्या.